नव्या सागरी मत्स्यालयातील पाण्याची तपासणी

खाऱ्या पाण्याची नवी टाकी उभारल्यानंतर तिच्यात मासे सोडण्यापूर्वी, तसेच ते सोडल्यानंतरचे पहिले काही महिने, पाण्याची लवणता, तापमान, सामू, अल्कता आणि अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट यांचे प्रमाण ठराविक अंतराने मोजावे लागते. या मापनास सागरी मत्स्यालयातील पाण्याची तपासणी असे म्हणतात. गोड्या पाण्याच्या टाकीलाही अशी तपासणी लागते. परंतु सागरी टाकीत तिचे महत्त्व अधिक असते. समुद्राच्या पाण्याची घडण फारशी बदलत नाही आणि त्यात वाढलेल्या प्राण्यांची बदल सोसण्याची शक्ती त्या मानाने कमी असते. शिवाय अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही द्रव्ये पाण्यात रंगहीन असतात. माशाला मारक ठरणारे त्यांचे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही व बहुधा नाकालाही जाणवत नाही. काचेसारखे नितळ पाणी सुरक्षित असतेच असे नाही. नव्या टाकीतील मासे पहिल्या पंधरवड्यात दगावण्याचा प्रकार इतका परिचित आहे, की हौशी मत्स्यपालकांत त्याला ‘न्यू टँक सिंड्रोम’ असे स्वतंत्र नावच पडले आहे.

पार्श्वभूमी

बंदिस्त पाण्यात जलचर दीर्घकाळ जगवण्याचा शास्त्रीय प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये झाला. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये वनस्पती आणि प्राणी यांचा परस्परपूरक तोल साधणाऱ्या टाकीचे निरीक्षण मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकामुळे ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. तोल वनस्पतींमुळेच राहतो, अशी त्या काळची समजूत होती. ती अपुरी होती. श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखवून दिले, की अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर हे सजीवांचे काम आहे. विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास त्या जिवाणूंना वेगळे काढले. या विषयातील एक महत्त्वाचा शोध तर मत्स्यालयातच लागला. अमेरिकेतील सिअ‍ॅटल मत्स्यालयाच्या उष्णकटिबंधीय सागरी टाकीतील वाळूतून ‘नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस’ हा सूक्ष्मजीव २००५ मध्ये वेगळा करण्यात आला. अमोनियाचे नायट्राइट करणारा हा जीव जिवाणू नसून आर्किया या वेगळ्या गटातील आहे. असे जीव महासागरात विपुल असल्याचे पुढे आढळले.

महाराष्ट्रात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे सर्वसामान्यांना सागरी मासे काचेआड पाहता आले. रत्नागिरी येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालयही अनेक शालेय सहलींमुळे विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. ही दोन्ही स्थळे किनाऱ्यावरची आहेत. घरगुती सागरी टाकी मात्र आता देशावरही दिसते, आणि तेथे प्रश्नाचे स्वरूप पालटते.

समुद्रापासून दूर समुद्राचे पाणी

किनाऱ्यावर नैसर्गिक समुद्रजल मिळू शकते. तेही तपासल्याशिवाय वापरता येत नाही. कारण पावसाळ्यात नद्यांचे पाणी मिसळून कोकण किनाऱ्याजवळील पाण्याची लवणता घटते आणि गाळ वाढतो. सह्याद्रीच्या पूर्वेस हा मार्गच बंद असतो. भोर तालुक्यातील कामथडी, नसरापूर किंवा कापूरहोळ येथील हौशी माणसाला वरंधा घाट उतरून समुद्राचे पाणी आणत राहणे व्यवहार्य नाही. त्याला गोड्या पाण्यात सागरी मिश्रलवण विरघळवून समुद्रजल तयार करावे लागते. म्हणून तेथील पहिली तपासणी टाकीतील पाण्याची नसून मूळ गोड्या पाण्याची असते.

हे मूळ पाणी एकसारखे नसते. भाटघर किंवा नीरा देवघर यांसारख्या जलाशयांत प्रामुख्याने पावसाचे पाणी साठते व ते तुलनेने मृदू असते. विंधनविहिरीचे पाणी दख्खनच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसाल्टमधून मुरत आलेले असते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका अधिक असते, आणि शेतीच्या पट्ट्यात खतांतून आलेले नायट्रेटही असू शकते. माणसाला पिण्यास निर्धोक असलेले असे पाणी सागरी टाकीत मात्र अडचणीचे ठरते. सिलिकेटमुळे डायाटम या सूक्ष्म शैवालांची वाढ होऊन नव्या टाकीतील वाळूवर व काचेवर तपकिरी थर चढतो. नायट्रेटमुळे तर पुढच्या सगळ्या नोंदींचा आरंभबिंदूच चुकतो.

यावर आरओ यंत्रातून गाळलेले पाणी वापरणे हा प्रचलित उपाय आहे. येथे एक बाब सहसा सांगितली जात नाही. पिण्याच्या पाण्यासाठी घरोघरी बसवलेल्या पुष्कळ आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे न गाळलेले पाणी पुन्हा मिसळण्याची किंवा खनिजे परत घालण्याची सोय असते. ते पाणी शुद्ध समजून वापरले, की काढून टाकलेले क्षार काही अंशी परत येतात. स्वस्त टीडीएस मीटरने हे तत्काळ कळते. मत्स्यालयासाठीच्या पाण्याचे वाचन शून्याच्या जवळ असावे. ते ५० किंवा ८० येत असेल, तर मिश्रण कोठे होते ते शोधावे.

मिठाच्या बाबतीतही गैरसमज आढळतो. उरण किंवा वसईच्या मिठागरातले मीठ समुद्राचेच असल्यामुळे ते पाण्यात घातल्यास समुद्राचे पाणी मिळेल, असा तर्क केला जातो. तो टिकत नाही. मिठागरात पाणी आटत असताना कॅल्शियमचे क्षार आधी खाली बसतात, त्यानंतर मिठाचे स्फटिक होतात आणि मॅग्नेशियमचा मोठा भाग शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात राहतो. मीठ म्हणून गोळा केला जातो तो मुख्यतः सोडियम क्लोराइडचा भाग. मूळ समुद्रजलातील क्षारांत सल्फेट सुमारे ८ टक्के आणि मॅग्नेशियम सुमारे ४ टक्के असते. शिवाय कॅल्शियम, पोटॅशियम व बायकार्बोनेटही असतात. म्हणून मत्स्यालयासाठी हे सर्व घटक योग्य प्रमाणात असलेले मिश्रलवणच लागते. पाण्यात लवण घालावे, लवणावर पाणी ओतू नये. उलट केल्यास काही काळ द्रावण अतिशय संहत होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. मिश्रण पंपाने सुमारे एक दिवस ढवळल्यानंतरच मोजावे.

लवणतेचे मापन

खुल्या समुद्राची सरासरी लवणता दर किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार इतकी असते. २५ अंश सेल्सियसला याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ येते. हे मोजण्यासाठी हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. काटा फिरणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर स्वस्त असतो. परंतु काट्याला हवेचा एखादा बुडबुडा चिकटला तरी वाचन बदलते. रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा, पण तोही जुळवून घ्यावा लागतो. तो केवळ शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ जवळही बरोबर दाखवेल असे नाही. ३५ लवणतेच्या समुद्रजलाइतकाच अपवर्तनांक असलेले प्रमाण द्रावण घरी करता येते. त्यासाठी ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवावे. त्यावर उपकरण ३५ दाखवील असे जुळवून घ्यावे.

टाकीतून वाफेच्या रूपाने केवळ पाणी जाते, क्षार मागेच राहतात. १०० लिटरच्या टाकीतून ३ लिटर पाणी उडाले, तर लवणता ३५ वरून सुमारे ३६ वर जाते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात एवढी घट अल्पावधीत होऊ शकते. ही भर शुद्ध गोड्या पाण्याने करावयाची असते. खारे पाणी घालत राहिल्यास लवणता हळूहळू चढते, आणि टाकीची पातळी रोज तितकीच दिसत असल्याने ते लक्षातही येत नाही.

नायट्रोजनचक्र

माशांचे उत्सर्जन, उरलेले खाद्य आणि मृत जीव यांच्यापासून अमोनिया तयार होतो. सूक्ष्मजीवांचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. हे सूक्ष्मजीव पाण्यात तरंगण्यापेक्षा खडक, वाळू आणि गाळणीतील माध्यम यांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात व सावकाश वाढतात. नव्या टाकीत ही वस्ती नसते. ती उभी राहण्यास सामान्यतः तीन ते सहा आठवडे लागतात. या काळाला हौशी मंडळी ‘टाकी सायकल होणे’ म्हणतात.

परदेशी पुस्तकांत हा काळ कमी करण्यासाठी समुद्रातून आणलेला सजीवांनी भरलेला प्रवाळखडक टाकीत ठेवण्याचा सल्ला आढळतो. भारतात तो अनुसरता येत नाही. समुद्रभित्ती रचणारी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि समुद्रघोड्यांनाही त्याच वर्षी हे संरक्षण मिळाले. येथील टाकी सहसा कोरड्या, निर्जीव खडकावर सुरू होते. साहजिकच सूक्ष्मजीवांची वसाहत शून्यापासून घडते आणि तपासणीचे ओझे वाढते.

चक्र सुरू करण्यासाठी अमोनियाचा काही स्रोत द्यावा लागतो. कोळंबीचा तुकडा टाकीत कुजू देणे ही जुनी पद्धत. तिच्यात किती अमोनिया निर्माण होईल यावर ताबा राहत नाही. एखादा काटक मासा सोडून त्याच्या उत्सर्जनावर चक्र चालवणे ही त्याहून जुनी पद्धत होय. ती अद्याप सुचवली जाते, परंतु माशाला कित्येक आठवडे विषारी पाण्यात ठेवल्याशिवाय ती चालत नाही; तेव्हा तिचे समर्थन करणे कठीण आहे. अमोनियम क्लोराइडची मोजलेली मात्रा देणे अधिक योग्य ठरते. १०० लिटर पाण्यात सुमारे ०.७६ ग्रॅम अमोनियम क्लोराइड विरघळवल्यास लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन मिळतो. मात्रा वाढवून काम लवकर होत नाही. अमोनिया फार झाला तर नायट्राइटचे नायट्रेट करणारा दुसरा गट दबतो आणि चक्र रेंगाळते.

अमोनियाची चाचणी

घरगुती संचांत बहुधा सॅलिसिलेट पद्धत असते. अमोनिया असल्यास द्रावण पिवळ्याकडून हिरव्याकडे जाते. नेसलर विक्रियाकारकाची जुनी पद्धत सागरी पाण्यास सोयीची नाही, कारण त्यातील तीव्र अल्कामुळे मॅग्नेशियम व कॅल्शियमचा साका येऊन रंग गढूळ होतो. शिवाय त्यात पारा असतो.

चाचणीत दिसते ते एकूण अमोनियाचे प्रमाण. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. विद्युत्भारित अमोनियम आयन तुलनेने निरुपद्रवी, तर भाररहित अमोनिया कल्ल्यांतून सहज शरीरात शिरतो व विषारी ठरतो. सामू आणि तापमान वाढले, की विषारी रूपाचा वाटा वाढतो. २५ अंश तापमानाच्या, ७ सामूच्या गोड्या पाण्यात हा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. त्याच तापमानाच्या, ८.२ सामूच्या समुद्रजलात तो साधारण सहा टक्क्यांवर जातो. संचावर रंगाची छटा तीच असली, तरी सागरी टाकीतील धोका दहापट असतो. गोड्या पाण्यातील मासे पाळून सराव झालेल्या माणसाची फसगत होते ती येथेच. पूर्वी चालून गेलेले वाचन आता चालत नाही.

अमोनिया ‘बांधून ठेवणारी’ द्रावणे टाकीत घातली असतील, तर काही संच बांधलेला अमोनियाही मोजतात. अशा वेळी वाचन उतरलेले दिसत नाही आणि घाबरून द्रावणाची मात्रा पुन्हा दिली जाते. संचाबरोबरच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख आहे का ते आधी पाहावे.

नायट्राइट आणि नायट्रेट

गोड्या पाण्यात नायट्राइट माशांच्या रक्तातील हिमोग्लोबिनवर परिणाम करून प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटवते. समुद्रजलात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते व ते कल्ल्यांतून नायट्राइट आत जाण्यास अडथळा करते. सागरी मासे म्हणूनच नायट्राइट पुष्कळ अधिक सोसतात. तरीही ही चाचणी टाळता येत नाही. सागरी टाकीत तिचा उपयोग विषाचा इशारा म्हणून कमी आणि चक्र कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगणारी खूण म्हणून अधिक असतो. अमोनिया उतरू लागला आणि नायट्राइट चढू लागले, की पहिला गट वसला असे समजावे. दुसरा गट मागाहून वाढतो, त्यामुळे नायट्राइटचे वाचन बरेच दिवस वर राहिल्याचे दिसते. हा काळ संयमाची परीक्षा पाहणारा असतो.

नायट्रेटच्या चाचणीत एक मोठी मेख आहे. बहुतेक संच नमुन्यातील नायट्रेटचे आधी नायट्राइटमध्ये रूपांतर करतात आणि मग त्या नायट्राइटचा रंग दाखवतात. पाण्यात मुळातच नायट्राइट असेल तर तेही त्यात धरले जाते व नायट्रेट वास्तवाहून कितीतरी अधिक दिसते. चक्र चालू असताना आलेले ‘नायट्रेट ५०’ हे वाचन प्रत्यक्षात नायट्राइटचे असू शकते. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेटच्या आकड्यावर विसंबू नये.

एककांकडेही लक्ष द्यावे लागते. काही संच ‘नायट्रोजन म्हणून’ मोजतात, काही संपूर्ण आयन म्हणून. १ मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे १.२ मिलिग्रॅम अमोनिया, ३.३ मिलिग्रॅम नायट्राइट आणि ४.४ मिलिग्रॅम नायट्रेट. हे गुणोत्तर ठाऊक असले, तर टाकीचा जमाखर्च मांडता येतो. लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन घातला आणि तो पूर्ण रूपांतरित झाला, तर नायट्रेट सुमारे ९ मिलिग्रॅमने वाढलेले दिसावे. त्याहून फार अधिक आले, तर मूळ पाणी, खडक किंवा वाळू यांतून काहीतरी येत आहे. विद्यार्थ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

सामू आणि अल्कता

सामू, म्हणजेच पीएच, ही श्रेणी सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली. समुद्राच्या पृष्ठभागाजवळचा सामू ८.१ ते ८.२ च्या आसपास असतो. टाकीतील सामू दिवसभरात हलतो. रात्री श्वसनाने कार्बन डायऑक्साइड वाढून तो उतरतो आणि प्रकाशात पुन्हा चढतो. सकाळी घेतलेल्या वाचनाची कालच्या संध्याकाळच्या वाचनाशी तुलना करण्यात अर्थ नाही. वेळ ठरलेली असावी. दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत सामू सतत कमी येत असेल, तर औषध घालण्याआधी खिडकी उघडून पाहावे.

सामू सावरून धरणारी शक्ती म्हणजे अल्कता. ती अनुमापनाने, रंग पालटेपर्यंत थेंब मोजून काढतात. नैसर्गिक समुद्रजलात ती जर्मन अंशांत साधारण ६.५ ते ७ असते; मिश्रलवणांत अनेकदा अधिक राखलेली असते. नायट्रोजनचक्र स्वतःच अल्कता खर्च करते. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचे नायट्रेट होताना सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता जाते. ती जर्मन अंशांत ०.४ भरते. चक्राच्या काळात अमोनियाची मात्रा अनेकदा दिली असेल, तर ही घट लक्षणीय होते. मग सामू घसरतो आणि सूक्ष्मजीवांचे काम मंदावते.

कॅल्शियम (लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम) आणि मॅग्नेशियम (सुमारे १,३०० मिलिग्रॅम) यांच्या चाचण्या केवळ मासे असलेल्या नव्या टाकीत वारंवार करण्याची गरज नसते. फॉस्फेट मात्र शैवाल वाढू लागल्यास एकदा पाहावे.

तपासणीची रीत

परीक्षानळी आधी टाकीच्याच पाण्याने विसळून घ्यावी. पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत धरून, वक्र पृष्ठाचा तळ खुणेला टेकेल इतके पाणी घ्यावे. थेंब टाकताना बाटली उभी धरावी, तिरपी धरल्यास थेंबांचा आकार बदलतो. नायट्रेट संचातील एका बाटलीत न विरघळणारी पूड असते व ती तळाशी घट्ट बसते. ती जोराने हलवली नाही तर नायट्रेट नेहमी कमीच दिसते. सांगितलेली मिनिटे घड्याळ लावून मोजावीत. रंगांची तुलना दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर करावी. निळ्या दिव्याखाली केलेली तुलना निरुपयोगी असते. विक्रियाकारकांची मुदत पाहावी. अनपेक्षित वाचन आल्यास काही करण्यापूर्वी चाचणी पुन्हा करावी, आणि शक्य असल्यास त्याच संचाने आरओचे पाणी तपासावे. तेथेही अमोनिया दिसला तर दोष संचात किंवा मूळ पाण्यात आहे.

प्रत्येक वाचन तारीख, वेळ आणि तापमान यांसह वहीत लिहावे. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. नायट्राइट १ हे वाचन चढतीवर आहे की उतरतीवर, हे मागच्या ओळी पाहिल्याखेरीज कळत नाही.

टाकीची सिद्धता

चाळीस दिवस झाले म्हणजे टाकी तयार झाली, असे दिवस मोजून ठरवता येत नाही. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यानंतर लिटरमागे १ ते २ मिलिग्रॅम अमोनियाची मात्रा पुन्हा द्यावी. २४ तासांनी दोन्ही वाचने पुन्हा शून्य आली, तर सूक्ष्मजीवांची वस्ती तेवढा भार पेलते असे म्हणता येते. त्यानंतर साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी पाण्याचा मोठा भाग बदलून, लवणता व तापमान जुळल्याची खात्री करून एक किंवा दोन मासे सोडतात.

मासे सोडल्यावर पहिला आठवडा अमोनिया रोज पाहावा. प्रत्येक नव्या माशाबरोबर भार वाढतो आणि वस्तीला त्याच्याशी जुळते होण्यास वेळ लागतो. ग्रामीण भागात पावसाळी वाऱ्यात वीज कित्येक तास जाते. पंप थांबला, की गाळणीतील सूक्ष्मजीवांना प्राणवायू मिळत नाही व बंद डब्यातील वस्ती मरू लागते. वीज परत आल्यावर असा डबा तसाच सुरू करू नये. त्यातील साचलेले पाणी फेकून, माध्यम टाकीच्या पाण्यात हलके विसळून मग पंप चालू करावा, आणि त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासावा. वाचन आल्यास खाद्य थांबवून तयार ठेवलेल्या समुद्रजलाने काही पाणी बदलावे. असे मिसळून ठेवलेले पाणी सदैव हाताशी असणे आवश्यक आहे; नवे पाणी तयार होण्यास एक दिवस लागतो आणि संकटात सापडलेल्या माशाजवळ तेवढा वेळ नसतो.